शून्य आलं तर

फेरो बेटांतल्या या शेवटच्या धक्क्यामागे
सुन्नेवा दर तीन तासांनी टेकाड चढते.
खांबावर तीन वाट्या गरगरतात,
बाळाच्या दुधाच्या वाटीएवढ्या,
भरतात, रित्या होतात, भरतात.

वहीत ती दोन आकडे लिहिते.
दहा मिनिटांची सरासरी : चौदा.
मधलाच एक झोत : सव्वीस.
"सरासरीनं कुणी बुडत नाही," म्हणते,
आणि झोताखाली पेन्सिल दोनदा ओढते.

खाली हानुस होडीत, इंजिन सुरू.
बोट ओलं करून त्यानं हवेत धरलेलं,
बाप धरायचा तसंच.
"एवढ्याशा वाऱ्याला काय भ्यायचं?"
सुन्नेवा वाद घालत नाही.
लाल कापड वर चढवते
आणि वाळलेलं मटण चावत बसते.
तासाभरानं इंजिन बंद.
न बुडलेल्या होडीची नोंद करायला
वहीत रकाना नाही.

रात्री दोनला आकडा आला : शून्य.
गाव म्हणालं असतं, पडला एकदाचा.
ती बूट चढवून बाहेर धावली,
कारण शेजारच्या छपरावरचं गवत
अजून आडवंच होतं.

वाट्या बर्फानं धरल्या होत्या.
हातमोजा दातात धरून
तळहाताच्या उबेनं तिनं एकेक सोडवली.
तिसरी सुटली तशी
तिच्याच बोटांवर फटका मारत फिरू लागली.

सुजल्या बोटांनी मग तिनं शून्य खोडलं.
शेजारी लिहिलं :
दोन ते दोन चाळीस,
वारा होता. किती, माहीत नाही.