एक्केचाळीसाव्या किलोमीटरवर

नारीनमध्ये माझी आठवण निघते ती नेट गेल्यावर.
एरवी मी बिनखिडकीच्या खोलीतली बेगिमाय,
पंख्यांच्या घरघरीत हिरवे दिवे बघत
कुरुतचा खारट गोळा गालात धरून बसलेली.
आई शेजारणींना सांगते, आमची पोरगी मशिनी राखते,
आजोबा मेंढ्या राखायचे तशी.
तिचं फारसं चुकत नाही.

रात्री दोन चाळीसला कळप गेला.
एकूण एक दिवा तांबडा.
काचेच्या तारेत उजेडाचा एक ठोका सोडला,
तो तुटल्या टोकाला आपटून परत आला
आणि अंतर सांगून गप्प झाला:
एक्केचाळीस किलोमीटर, तीनशे मीटर.
म्हणजे दोलोन घाट.
कशाने तुटलं, ते उजेडाला कळत नाही.

जीपमध्ये झोप येणं शक्य नव्हतं.
तोरुगार्तच्या नाक्यावर चिनी ट्रक खोळंबले असतील,
बूट, टायर, सोलर पंप भरलेले,
जकातीचा होकार बिश्केकहून येईना.
सकाळी पोस्टात पेन्शनचा वार.
आणि मॉस्कोत लिफ्टा बसवणाऱ्या, गच्च्यांवरचा बर्फ उपसणाऱ्या पोरांचा पगार
डोंगरापलीकडे ताटकळत उभा,
उतरायला पायरीच नाही.
देश म्हणजे काय, ते शाळेच्या नकाशात मला कधी नीट दिसलं नाही.
मला तो दोन आकड्यांत दिसतो:
सेकंदाला किती आलं, किती गेलं.
आज शून्य. शून्य.

त्या पोरांत माझा भाऊही आहे, तुरार.
आठ महिने झाले, फोन नाही.
त्याचं काही या तारेतून गेलं का,
ठरवलं तर शोधता येईल मला.
शोधायचं नसतं.

घाटात सागिनबेक उभा होता, बुलडोझरला टेकून.
कडा कोसळून रस्ता बुजला होता,
मोकळा करताना पातं जरा खोल गेलं.
"काळी नळी होती, बोटाएवढी," तो म्हणाला,
"मला वाटलं, झाडाचं मूळ."
त्या उंचीवर झाड नाही. मी काही बोलले नाही.

उणे सव्वीस.
जोडयंत्र थंडीत मान टाकतं,
म्हणून कोटाच्या आत पोटाशी धरून आणलं होतं,
अवेळी जन्मलेलं कोकरू आणतात तसं.
हातमोजे घालून काच जोडता येत नाही.
बारा धागे, प्रत्येक केसाएवढा.
एक जोडायचा, बोटं काखेत दाबायची,
आपलीच आहेत ना बघायचं, मग दुसरा.
सागिनबेकने टॉर्च धरला. दीड तास.
सातव्या धाग्याला विचारलं,
"ह्याच्यातून सगळं जातं?"
सगळं.
"माझ्या म्हातारीचं पेन्शनसुद्धा?"
उजेड थरथरला.
"हलवू नकोस," मी म्हणाले.

सकाळी सहा दहाला खोलीतून निरोप आला, दिवे लागले.
आधी चाळीस, मग चार हजार,
मग आकडे वाचायच्या आत पुढे पळू लागले,
दार उघडल्यावर मेंढ्या एकमेकींवर चढतात तसे.
कुणाचा पगार, कुणाचं बारशाचं आमंत्रण,
कुणाचं नुसतंच "पोचलास का?"
माझ्या फोनवर काही नव्हतं.
सागिनबेकने थर्मासमधला उरलेला चहा मला दिला
आणि माझ्याकडे न बघता इंजिन सुरू केलं.

नोंदीत चार रकाने असतात.
वेळ लिहिली. ठिकाण लिहिलं.
कारण: बर्फ.
चौथ्यापाशी थांबले, तिथे छापलंय, जबाबदार.
अंगठ्यात काचेचं कुसळ गेलंय, दिसत नाही,
बटण दाबलं की टोचतं.
बराच वेळ पंखे ऐकले.
मग तिथे माझं नाव घातलं
आणि दाबलं.