वीतोलिन्यापर्यंत

वडिलांचा अँप्लिफायर मी लिएपायाहून रीगाला आणला
त्यांच्याच लोकरी कोटात गुंडाळून,
बसमध्ये सबंध वाट मांडीवर घेऊन.
टर्नटेबल बसच्या पोटात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी.
बाजूचे आजोबा कुजबुजले, "झोपलंय का बाळ?"
म्हटलं, "हो. चौदा किलोंचं आहे."

बंदरावर विस्वाल्दिस म्हटलं की पुरे.
जहाजाचा रेडिओ मुका झाला की कप्तान माणूस धाडायचा:
शुद्धीत असेल तर घेऊन ये,
नसेल तरी घेऊन ये.
घरी मात्र एकच यंत्र, आणि त्याला हात लावायचा नाही.
आवाजाच्या बटणाभोवती आईच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके.
पहिला: बाइबा झोपली आहे.
दुसरा: वीतोलिन्या,
म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाई,
ज्या झाडूच्या दांड्याने आमची जमीन ठोकायच्या.
तिसरा फक्त एकतीस डिसेंबरला.
आई आयर्लंडला गेली अळंबी खुडायला,
दोन हंगामांसाठी म्हणून.
ठिपके तेवढे राहिले.

माझा स्पीकर पांढरा, पावाएवढा.
त्याला ना भोक, ना पाठ, ना पोट.
फोनने हाक मारली तरच ओ देतो.
आणि याच्या पाठीला पाच पिनांचं गोल तोंड.
दोघांना टेबलावर समोरासमोर ठेवलं
तर बसले गप्प,
स्थळ बघायला आलेल्या घरांसारखे,
कुणी आधी बोलायचं ते न ठरलेले.

दुकानातल्या पोराने प्लग उलटासुलटा करून पाहिला.
"झुरळ आहे की काय? मग सहावा पाय कुठे गेला?"
मग काउंटरखाली वाकून खोकं उपसत राहिला
आणि वर आला तेव्हा हातात एक तार:
या टोकाला पाच पिना, त्या टोकाला दोन, लाल नि पांढरी.
शिवाय काडेपेटीएवढी डबी,
जी जुना आवाज हवेत सोडते.
एकूण साडेचौतीस युरो. गॅरंटी तारेची,
आवाजाची नाही.

जोडलं. तबकडी ठेवली. सुई टेकवली.
घूंऽऽऽ
भिंतीत भुंगा अडकावा तसं, एकसुरी.
रेइनिसने कानांत बोटं घातली.
पोराला फोन केला. तो म्हणाला,
"अर्थ लागला नाहीये."

ते मलाही कळत होतं.

टर्नटेबलखाली हात घातला तर सापडली:
हिरवी तार, सुतळीहून बारीक,
टोकाला पितळी काटा, कशालाच न जोडलेला.
पण काटा घासूनपुसून लख्ख.
म्हणजे विसरले नव्हते.
बंदरातली सगळी जहाजं बोलती करणारा माणूस
वर्षानुवर्षं स्वतःच्या घरात ही घरघर ऐकत बसला,
आणि पलीकडच्या खोलीत मी समजत होते
की रात्रीचा आवाज असाच असतो.

स्क्रू आवळला.
इतकं शांत झालं की उठून खिडकी उघडावी लागली.

मग गाणं. कुठल्याशा गावातल्या बायकांचं समूहगान,
दुसऱ्या कडव्यात ओरखडा, तोही ओळखीचा.
सुईजवळ कान नेला तर कळतं:
आधी सुईच गाते, डासाएवढं,
अर्ध्या सेकंदाने पांढरा डबा तेच म्हणतो.
पोरगा म्हणालेला, हा उशीर काही जाणार नाही.
आमच्या घरात अर्धा सेकंद म्हणजे
लवकरच पोचलं म्हणायचं.

रेइनिसचं बोट फोनवर.
"किती करू? शंभरापैकी सांग."
मी बटणाकडे पाहिलं.
"वीतोलिन्यापर्यंत."
वरखाली करत तो एकतीसवर थांबला,
तिथे ते नाव लिहून ठेवलं, एक अक्षर चुकवून,
आणि मग विचारलं,
"आपल्या खाली कोण राहतं?"

चार वर्षं झाली या घरात.
मला माहीत नव्हतं.