छज्ज्यावरचा फासा

उर्मीने फासा टाकला
दोन्ही हात डोक्यावर नेऊन, नारळ फोडतात तसा.
तो पटावर आपटला, उडाला,
ग्रिलमधून बाहेर गेला
आणि पहिल्या मजल्यावर, कारखानिसांच्या छज्ज्यावर
टण्णकन वाजला.

क्षणभर कन्नमवार नगरात कुणीच काही बोललं नाही.

मग देवू म्हणाला, धरायचं.
टाकला की टाकला.

आम्ही तिघं ग्रिलला नाकं लावून उभे.
चौथ्या मजल्यावरून फासा म्हणजे
पत्र्यावर सांडलेला साबुदाणा.
शेजारी कबुतराचं पीस, एक हिरवा चिमटा,
कुणाचा तरी डावा मोजा.

उर्मीची सोंगटी, म्हणजे माझ्या शर्टाचं बटण,
चौऱ्याण्णववर.
सहा पडले असतील तर ती जिंकली.
चार असतील तर अठ्ठ्याण्णवचा साप.
चारच आहेत, देवू म्हणाला,
मला इथून दिसतायत.

चार! चार! उर्मी नाचायला लागली.
तो साप सगळ्यात लांब, थेट अठ्ठावीसपर्यंत,
आणि बागेतली घसरगुंडी
दिवाळीपासून दोरी बांधून बंद आहे.

देवूला संशय आला.
ही एवढी खूश का?
थांब, म्हणाला, सहा पण असतील.
आता ती रडायला लागली.

मी मोबाइलवर मोठं करून पाहिलं.
पांढरं काहीतरी, धूसर.
ठिपके होते, नव्हते.
कारखानीस बडोद्याला, रविवारपर्यंत कुलूप.
मला काय पडलंय विचारतायत दोघं,
आणि मी, घरात सगळ्यात मोठा,
आज ऑफिसातही हेच करून आलोय:
म्हटलं, बघू.

साडेनऊला निशिगंधा ड्यूटी संपवून आली.
चपला काढता काढता सगळं ऐकलं,
एवढंच विचारलं, माझी कुठाय?
तिचा तुरीचा दाणा
गेल्या आठवड्यापासून बारावर बसून आहे.

गाद्या घालायच्या होत्या.
चौघांनी चार कोपरे धरून पट उचलला,
काठोकाठ भरलेली परात न्यावी तसा,
श्वास न घेता,
आणि फ्रिजवर ठेवला.
बटण थोडं हललं. कुणी पाहिलं नाही.
मी पाहिलं.

दिवा गेल्यावर उर्मी उशीवरून घसरत घसरत
माझ्या पोटापाशी येऊन थांबली.
पलीकडून देवूचा आवाज:

बाबा, रात्री कबुतराने उलटा केला
तर ते पण धरायचं?

मी झोपेचं सोंग घेतलं.

बाबा?