जिन्याखालचं टेबल

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
माझं टेबल जिन्याखाली.
वर पाटी : आरोग्यमित्र.
उठताना डोकं आपटतं, सवय झालीय.

हौसाबाई गांगुर्डे स्ट्रेचरवरून अंगठा लावतात.
यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही.
सातपूरला सत्तावीस वर्षं
रॉकेलात बेअरिंगं धुतली,
रेषा तिकडेच राहिल्या.
मी म्हणतो, दुसरं बोट. मग तिसरं.
शेवटी सरकार करंगळीला ओळखतं.

मोडलेला खुबा सांभाळत त्या हसतात :
"धाकटीच कामाला आली बघा."

मुलगा मला बाजूला घेतो.
"फुकटातलं म्हणजे... स्क्रू तोच ना?
रोख भरणाऱ्यांना घालतात तोच?"

डॉक्टर क्षेमकल्याणी जिन्यातूनच विचारतात,
"योजनेतली आहे का?"
आवाजात तिरस्कार नाही,
मागच्या दिवाळीपासूनची थकबाकी आहे.
"या दरात, अरे, भूलवाल्याचेसुद्धा..."
वाक्य तसंच सोडून
ते खाली येतात, चपला न घालता,
तिचा पाय दोन्ही हातांनी उचलतात,
हंड्यातलं पाणी हिंदकळू नये तसा.

"पैसे कधी येतील?" हे वरून.
"मंजुरी कधी येईल?" हे समोरून.
दोघांना मी एकच स्क्रीन दाखवतो :
प्रलंबित.

चार वाजून दहा मिनिटांनी हिरवा ठिपका.
नावात गांगुर्डेचं गांगुडे झालंय.
चालतंय.

स्ट्रेचर लिफ्टकडे वळताना
म्हातारी मान मागे टाकून विचारते,
"बाळा, तुझं काढलंस का रे कार्ड?"

मी ड्रॉवरात पेन शोधतो.
पेन खिशात असतं.