सोलं

परवा रात्री दिवा मालवल्यावर
अंधारातून केयानं विचारलं,
"आई, उद्या आपल्याला कुठे कुठे पोचायचंय?"
नऊ वर्षांची आहे.
मी सवयीनं सांगायला लागले:
पोहणं, अबॅकस, बाबांना कुडाळच्या गाडीवर सोडणं,
येताना दळण...
आणि दळणापाशी अडखळले.

सकाळी शिबिराच्या बाईंना फोन केला.
पैसे परत मिळणार नाहीत, म्हणाल्या.
राहू देत, म्हटलं.
सुहास चहाचा कप धरून माझ्याकडे बघत राहिला,
जसा काही मी अख्खा उभादांडा विकला होता.

मागच्या दारी रातांबे सडत होते.
दर मे महिन्यात सडतात.
आम्ही त्यांच्यावरून गाडी काढतो,
चाकं लाल होतात,
आणि आमसुलं आणतो बाजारातून, पाकिटातली.

"सोलां करतलास? तुमी?"
गडग्यापलीकडून सरलाकाकी गुरव.
त्या 'तुमी'त बरंच काही होतं.
पण मग स्वतःच गडगा ओलांडून आली,
पदर खोचला, पहिला रातांबा दोन बोटांत दाबून फोडला.
साल इकडे. बिया आणि गर तिकडे. वर मीठ.
साली रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या,
सांजेला पुन्हा रसात.
"किती वेळा?"
"सात पुटां."

शार्दूलनं मोबाइलवर एका दिवसाची पद्धत शोधली,
ओव्हनमध्ये, पासष्ट अंशांवर.
काकीनं नीट ऐकून घेतलं.
"बरां. आणि रस कधी पितली ती?"

खळ्यात जुनी चादर पसरली.
कोंबड्या येतात, कावळे येतात, म्हणून राखण.
आधी पाळ्या लावल्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या.
दुसऱ्या दिवशी पाळी कुणाची हे कुणालाच आठवेना
आणि चौघंही पडवीत बसलेलो.

कंटाळा आला. खोटं कशाला सांगू,
भरपूर आला.
केयानं मुंग्यांची एक रांग पार विहिरीपर्यंत मोजली,
शार्दूल तीनदा भांडून तीनदा परत आला,
माझा हात आपोआप फोनकडे जायचा
आणि बोटं लाल म्हणून परत यायचा.

आमच्या घरातून गाज ऐकू येते.
जागा दाखवताना दलाल म्हणाला होता.
मिक्सर बंद असला की येते.

त्या दुपारी ती ऐकत सुहास एकदम म्हणाला,
लहानपणी मला रात्री या आवाजाची भीती वाटायची.
वाटायचं, पाणी उठून चालत येतंय,
म्हणून मी पायांत चपला घालून झोपायचो.
पोरं हसली. मीही.
चौदा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.
चपला कसल्या होत्या, केयानं विचारलं.
रबरी, निळ्या पट्ट्यांच्या, तो म्हणाला,
आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी त्यानंच घोळ घातला:
आभाळ आलं म्हणून ओली सोलं डब्यात कोंबली.
सकाळी पांढरी, केसाळ बुरशी.
मी नको ते बोलले. तो डबा घेऊन माडाखाली गेला.
अर्धी गेली.
काकी म्हणाली, "अर्धी उरली मां?"
आणि उरलेली चादरीवर लांब लांब मांडून दिली.

बरणी निम्मीच भरली आहे.
जूनमध्ये शाळा, आणि पुन्हा कुडाळची गाडी,
सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही.
अबॅकसचा हप्तासुद्धा अजून चालू आहे.

पण काल रात्री
काकीनं दिलेला भिरंडेलाचा गोळा पळीत तापवून
सुहास माझ्या पायांशी बसला.
त्याचे तळवे अजून जांभळे.
माझी टाच हातात घेऊन दिव्याकडे वळवली,
पहिल्यांदाच भेगा बघितल्यासारखा
अंगठा फिरवत राहिला.
"एवढ्या कधी पडल्या गं?"

"हळूहळू," मी म्हटलं.