अंदाजु

फकीराप्पा मेस्त्री कानावरची पेन्सिल काढतात,
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करतात
आणि मथळा घालतात: अंदाजु.
अक्षर कानडी.
माझी कानडी बसच्या पाट्यांवर शिकलेली,
वडगाव, खासबाग, रेल्वे स्टेशन,
इतपतच.
तरी हा कागद मला वाचता येतो.
खर्चु. गिलावु.
आपलाच शब्द, शेवटी एक उकार लोंबतो,
नळ नीट बंद न केल्यासारखा.

सुरुवात माझ्या गुडघ्यापासनं झाली.
उकिडवं बसवत नाही, म्हणून एक कमोड.
कमोड म्हणजे न्हाणी वीतभर उंच करायची,
न्हाणी उंच म्हणजे पाणी पुढच्या खोलीत,
म्हणजे तिथली फरशी उखडून उतार द्यायचा,
फरशी उखडायची म्हणजे
माग हलवायचा.

इथं मेस्त्रींनीही पेन्सिल थांबवली.

दोन वर्षं बंदच आहे तो.
त्याच्यावर चादर, चादरीवर सुगंधाची पुस्तकं,
पुस्तकांवर इस्त्रीला जायचे कपडे.
पाहुणे आले की विचारतात, हे काय कपाट?
मी हो म्हणते.

न्हाणी, एक्केचाळीस हजार अडीचशे.
मला हजारात कळत नाही.
पंचाहत्तर रुपये मजुरी एका साडीला,
शेवटची मिळाली ती.
म्हणजे न्हाणी साडेपाचशे साड्यांची.
ही एवढी काठापदराची थप्पी
आणि वर बसायचं मी.

टाइल्स छतापर्यंत नकोत, म्हटलं, खांद्यापर्यंत पुरे.
यार भुजा री अक्का, मेस्त्री विचारतात, कुणाचा खांदा?
कल्लाप्पा उभा राहिला ताठ.
त्याला खाली बसवलं. माझ्या खांद्यापर्यंत.
दीड हजार तिथं वाचले.

रंग बाहेरनं यंदा नको.
खिडकी तीच, बिजागरी बदला.
वाळू घटप्रभेची नको, खडी फोडलेली चालेल.
ओट्याला कडाप्पा आहे तोच राहू दे,
त्याच्या कोपऱ्याला गेलेला टवका
मला अंधारातही सापडतो.
तळाला ‘इतरे’, पाच हजार.
हे काय? हे खोडा.
मेस्त्री हसले.
अक्का, वरचं सगळं आपण मागतो.
हे घर मागतं.
खोडलं तरी मागतंच.

एकूण एक लाख पंचवीस हजार दोनशे पन्नास.
सोसायटीत नव्वद.
“काय लिहूलालीस?” कल्लाप्पानं विचारलं,
मी म्हटलं, जमा.
मग तोच म्हणाला, हळू, भिंतीकडं बघत:
भंगारवाला एकतीसनं घेतो. सहाशेवीस किलो भरंल.
तोललास कधी?
तोलायला काय लागतंय,
बावीस वर्षं त्याचा आवाज ऐकलाय.

एकोणीस हजार दोनशेवीस, लिहिलं.
तरी सोळा हजार तीस कमी.
सवयीनं भागलं पंचाहत्तरनं:
दोनशे चौदा साड्या.
डोळ्यांपुढं रात्रपाळ्या आल्या, दिवस मोजले,
श्रावणापर्यंत होतील, म्हटलं मोठ्यानं,
मोठं काम नाही ते.

कुणी काही बोललं नाही.
मग माझं मलाच दिसलं,
दोनच ओळी वर,
माग मी जमेत धरला होता.

मेस्त्रींनी चहा संपवला, बशी उलटी ठेवली.
उरलेलं दिवाळीनंतर द्या, म्हणाले,
आणि तो आकडा लिहिला नाही कुठं.
सोमवारी खडी येईल.
जाताना वाकून चादरीचं टोक उचललं,
फरशीत रुतलेले चार बोल्ट बघितले.
ही भोकं बुजवायची, की नवीन फरशी वरनंच घालू?

कल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं.
मी कागदाकडं.
भोकांसाठी ओळ नव्हती त्यात.
‘इतरे’समोर पेन्सिलीनं
मी एक बारीक टिंब दिलं.