अडीच-अडीच मीटरवर

गेटपासवर शरफुद्दीनने लिहिलं:
केबल, पिवळी, जुनी. किंमत शून्य.
वर चहा पाजला.
मत्रहच्या बंदर-कचेरीच्या छतातून
तीन शुक्रवार खपून मी ती ओढून काढली होती,
घोरपडीची शेपटी ओढावी तशी,
वळायला तयार नाही, सुटायला तयार नाही.

करंगळीएवढी जाड. दर अडीच मीटरवर काळा पट्टा,
आणि पट्ट्यांवर दातांचे व्रण,
जिथे एकेका मशीनने चावा घेऊन
आतल्या तांब्याला जीभ लावली होती.
खजूर किती उतरला, कुठला कंटेनर अडला,
सगळं या एकाच नळीतून.
एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं.
दोघं एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचं,
थोडं थांबायचं, मग पुन्हा.

"हा तर आमचाच नियम," याकूब म्हणाला.
लायसन्स त्याचं, गच्ची माझी,
शिडी खालच्या गोम्स बाईंची.
केबलवरचं पुसट छापलेलं त्याने चष्मा वर करून वाचलं.
पन्नास ओहम. पन्नासच तर हवे होते!
नव्या केबलचा भाव विचारून
आम्ही महिन्यापूर्वीच कानाला खडा लावला होता.

एकोणीस भोकं मोजली.
लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा
रबरी टेप ताणून ताणून गुंडाळला.
ऑगस्टची इथली हवा तुम्हाला माहीत नाही,
रात्री दोनलाही चष्म्यावर घाम येतो.
टाकीपासून खांबापर्यंत अँटेना ताणली.
तिच्यावर भास्करनने ओली लुंगी वाळत घातली,
ती काढली, माफी मागितली,
तरी मीटरचा काटा वाकडाच.

मग बॅटरी तोंडात धरून चाचपत गेलो,
पट्टा, पट्टा, पट्टा,
आणि विसावं भोक सापडलं.
पट्ट्यावर नाही. वीतभर बाजूला.
आत तांबं हिरवंगार, नखाने खरवडलं तर भुगा.
कोणी मारलं असेल असं आडवंतिडवं?
ब्याण्णवचा रमजान, इफ्तारला दहा मिनिटं,
बावीस वर्षांचा एक हेल्पर,
म्हसळ्याहून नुकताच आलेला,
वर छतात पालथा, हातात ड्रिल.
याकूबला मी काही सांगितलं नाही.
करवत मागितली.

तेवढा तुकडा गेला आणि केबल आखूड पडली.
रेडिओ आता जिन्यात बसतो, चौथ्या पायरीवर,
आणि आम्ही पाचव्या.
पहिले वीस मिनिटं नुसतं ऐकलं,
तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर,
तिच्यामागे कुणीतरी, फार दूर.
मग याकूबने हाक दिली.

दोन स्टेशनं एकदम बोलली.
एकाचंही धड कळेना. मग दोन्ही गप्प.
याकूबचं बोट बटणावर.
मी त्याच्या मनगटावर हात ठेवला: थांब.
खाली बंदरात एका बोटीने भोंगा दिला,
तो संपेपर्यंत आम्ही थांबलो.